वारा जुंपणारा मुलगा : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

अपारंपरिक ऊर्जेच्या क्षेत्रात अभियंता व्हायचे तर काय करावे, असे नववी-दहावीचा विद्यार्थी विचारतो, तेव्हा शिक्षकांना एक उदाहरण सहज सुचते. आफ्रिकेतल्या मलावी देशातील विल्यम कामक्वांबा या मुलाचे. त्याने ब्रायन मीलर यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ हे आत्मकथन २००९ साली प्रसिद्ध झाले. २०१९ साली चिवेटेल एजिओफोर यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. दोन्ही कृती वर्गापर्यंत नेण्याजोग्या आहेत. पण त्या एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यांच्यातला फरक शिक्षकांनी ध्यानात घ्यावा, असे आम्हाला वाटते.

प्रथम हकिकत पाहू. विल्यमचा जन्म १९८७ सालचा. घरची शेती मक्याची. २००१-०२ मध्ये मलावीत भीषण दुष्काळ पडला. फी भरता येईना, म्हणून विल्यमची माध्यमिक शाळा सुटली. जवळच्या प्राथमिक शाळेत देणगीदाखल आलेल्या पुस्तकांचे छोटे ग्रंथालय होते. तेथे त्याला ‘युझिंग एनर्जी’ हे अमेरिकन शालेय पुस्तक सापडले. त्याच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. भंगारातून आणलेला ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वडिलांची मोडकी सायकल, सायकलचा डायनामो, तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी पाइपची पाती आणि निलगिरीच्या खांबांचा सुमारे ५ मीटर उंच मनोरा एवढ्या सामग्रीवर त्याने पवनचक्की उभारली. घरात दिवा लागला.

पुस्तकाचे मोठेपण असे, की पवनचक्की त्यात फार उशिरा येते. त्याआधी कितीतरी पाने भुकेची आहेत. सरकारी कोठारातले राखीव धान्य विकले गेल्यावर गावाचे काय झाले, घरातले जेवण दिवसातून एकदाच आणि घासाघासाने कसे कमी होत गेले, हे लेखक आवाज न चढवता सांगतो. तंत्राचा भागही तितकाच प्रामाणिक आहे. वायसर नाहीत म्हणून बाटल्यांची बुचे ठोकून सपाट केली. रबरी चपलेच्या तुकड्यातून बटण तयार झाले. छपरातल्या तारांमुळे आगीचा धोका दिसला, तेव्हा विजेच्या घंटीची आकृती पाहून खिळे, तार आणि चुंबक यांचे सर्किट ब्रेकर बनवले. घंटीची ही आकृती आपल्या विद्यार्थ्यांनीही काढलेली असते. तिच्यातून घराचे रक्षण करणारे साधन निघू शकते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

आता चित्रपट. तो मलावीतच चित्रित झाला आहे. अभिनय उत्तम, वडिलांची भूमिका एजिओफोर यांनी स्वतः केली आहे. पण कथेच्या सोयीसाठी एक मोठा बदल झाला आहे. पडद्यावर पवनचक्की दुष्काळातच उभी राहते, तिच्या विजेवर पंप चालतो, कोरडे शेत भिजते आणि उपासमार टळते. प्रत्यक्षात ती दुष्काळाचा जोर ओसरल्यावर उभी राहिली आणि तिने आधी दिवे लावले. पुढे शेजाऱ्यांचे मोबाइल फोनही तिच्यावर चार्ज होऊ लागले. पाण्याचे प्रकल्प नंतरचे. खोल विहिरीवरचा पंप तर सौरऊर्जेवर चालणारा होता.

हा बदल किरकोळ नाही. तो तपासायला नववीचे भौतिकशास्त्र पुरते. सायकलच्या डायनामोची शक्ती ६ वॉट धरू. पाणी १० मीटर खोल आहे असे मानू. १,००० लिटर पाणी तेवढे वर उचलायला सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा लागते. कोठेही काही वाया गेले नाही असे धरले, तरी ६ वॉटला या कामासाठी साडेचार तास लागतील. एक एकर पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर २०,००० लिटर हवेत. म्हणजे सुमारे ९० तास, जवळजवळ पावणेचार दिवस. वारा अखंड वाहत राहिला तरी एका दिवसाची गरज भागायला इतका वेळ! हे गणित वर्गात फळ्यावर करून घ्यावे. अभियंता होणे म्हणजे काय, याचा तो पहिला धडा ठरेल.

दुसरा धडा मनोऱ्याचा. विल्यमने पुढे मनोरा १२ मीटरपर्यंत वाढवला, कारण झाडांमुळे वारा अडत होता. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. मोकळ्या जमिनीसाठी वापरल्या जाणाऱ्या ढोबळ नियमानुसार ५ मीटरवरून १२ मीटरवर गेल्यास वेग सुमारे १३ टक्क्यांनीच वाढतो, पण शक्ती सुमारे ४५ टक्क्यांनी. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या का उभ्या आहेत आणि त्यांचे मनोरे इतके उंच का असतात, हे येथून समजावता येते. तेथे काम करणाऱ्या अभियंत्याचे दिवस वाऱ्याच्या नोंदी, पाया, गिअर, तारा आणि दुरुस्ती यांत जातात. त्यात चमत्कार नसतो, मोजमाप असते.

आमचा खरा आक्षेप मात्र गणितापलीकडचा आहे. शोध लागला आणि भूक संपली, असे दाखवले की भुकेची कारणे बाजूला पडतात. कोठार रिकामे कोणी केले, मुलाची फी का भरली गेली नाही, हे प्रश्न मागे राहतात. जिद्द असेल तर शाळेवाचून काही अडत नाही, असा समज मुलांच्या मनात रुजण्याचा धोकाही आहे. विल्यमची कथा याच्या नेमकी उलट आहे. शाळा सुटल्याचे दुःख पुस्तकभर पसरले आहे. फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन समजून घेताना त्याला इंग्रजी शब्दांशी झगडावे लागले आणि अडलेल्या ठिकाणी ग्रंथपाल बाईंनी मदत केली. २००६ साली पवनचक्की पाहायला आलेले हार्टफर्ड मचाझिमे हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातले होते. त्यांनी वृत्तपत्रांना कळवले आणि या मुलाला पुन्हा शाळेत घालण्यासाठी खटपट केली. त्यानंतर जोहान्सबर्गची आफ्रिकन लीडरशिप अकादमी आणि अमेरिकेतील डार्टमथ कॉलेज, तेथून २०१४ साली पदवी, असा त्याचा प्रवास झाला. पवनचक्की त्याने एकट्याच्या हिकमतीवर आणि मित्रांच्या मदतीने केली. पुढचे शिक्षण त्याला मिळाले ते कोणी तरी फाटक उघडले म्हणून.

पुस्तकात उणिवा आहेत. शेवटचा भाग परिषदा, विमानप्रवास आणि पाठीराख्यांच्या भेटी यांत धावतो. आधीच्या भागातली संथ, बारीक नजर तेथे दिसत नाही. अभियंता म्हणून पुढचे शिक्षण घेताना काय अवघड गेले, जुन्या पवनचक्कीतल्या कोणत्या चुका नंतर कळल्या, हे वाचायला आम्हाला आवडले असते. या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचाच उपयोग अधिक झाला असता.

तरीही निवड करायची झाली तर आम्ही पुस्तकाकडे बोट दाखवू. बालवाचकांसाठी २०१२ साली त्याची चित्रमय आवृत्ती आणि २०१५ साली किशोर आवृत्ती निघाली आहे. चित्रपट दाखवायचा असेल तर अवश्य दाखवावा, पण दुसऱ्या दिवसाचा तास राखून ठेवावा. वर दिलेले गणित मुलांकडून करून घ्यावे, आणि मग एक प्रश्न विचारावा : आपल्या शाळेच्या कुलूपबंद कपाटात असे कोणते पुस्तक आहे, जे गेल्या वर्षभरात एकाही मुलाच्या हाती पडलेले नाही?