मुलांची कविता आणि ओळीचा आरंभ

प्राथमिक शाळेतील मुलांना कविता लिहावयास शिकविता येते काय, ह्या प्रश्नाची दोन उत्तरे रूढ आहेत. एका पक्षाच्या मते मूल जन्मतःच कवी असते; त्याला मोकळे सोडले की पुरे. दुसऱ्या पक्षाच्या मते वृत्त, यमक आणि शुद्धलेखन ह्यांचा अभ्यास झाल्यावाचून काव्यरचना संभवत नाही. अमेरिकन कवी केनेथ कोक (१९२५–२००२) ह्याने १९६८ पासून न्यूयॉर्कमधील ‘पब्लिक स्कूल ६१’ ह्या प्राथमिक शाळेत जे कार्य केले, त्याच्यापुढे ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या ह्या कवीने आपला अनुभव १९७० मध्ये ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ ह्या ग्रंथात मांडला. इच्छा, थापा आणि स्वप्ने ही त्या नावातील त्रयी बालमनाची चांगली ओळख दर्शविते.

कोकच्या पद्धतीचे मर्म असे, की तो मुलांना केवळ विषय देऊन थांबत नाही. तो ओळीचा आरंभ देतो. प्रत्येक मुलाने इच्छादर्शक शब्दांनी सुरू होणारी एक ओळ लिहावी, तीत एखादा रंग, एखादे शहर, चित्रकथेतील एखादे पात्र यावे, आणि साऱ्या ओळी मिळून वर्गाची एक कविता व्हावी, असा त्याचा आरंभीचा पाठ होता. पुढे ‘पूर्वी मी… पण आता मी…’ हा साचा आला. उपमा, ध्वनी, थापा व स्वप्ने ह्यांवरील पाठ आले. यमकाला त्याने दूर ठेवले, कारण यमक शोधता शोधता मूल आपले सांगणे हरवून बसते. शुद्धलेखनाची चिंताही लिहिताना वर्ज्य होती.

ह्या पद्धतीस ‘स्वातंत्र्य’ म्हणणे ही मात्र गफलत होईल. पुनरावृत्त आरंभ हेही एक बंधनच होय. छंद कवीला जो आधार देतो, तोच हा आरंभ मुलाला देतो. सुरुवात कशी करावी ही भीती तो नाहीशी करतो, कानाला लय पुरवितो, आणि प्रत्येक नव्या ओळीकडून वेगळेपणाची मागणी करतो. पहिली इच्छा बहुधा उसनी असते. तिसऱ्या-चौथ्या ओळीशी येईपर्यंत उसने संपते आणि मुलाला स्वतःच्या घरात, अंगणात, भयात हात घालावा लागतो. कविता तेथे सुरू होते.

ह्यावर आक्षेप घेतले गेले आहेत. मुलांसाठी काव्यलेखन करणाऱ्या मायरा कोन लिव्हिंगस्टन ह्यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात, मूल हे कवी असते ही कल्पनाच तपासावयास घेतली आणि कोकप्रणीत मार्गावर टीका केली. एका साच्यातून निघालेल्या ओळींची यादी म्हणजे कविता नव्हे, हा आक्षेप खराच आहे. त्याचे काहीसे उत्तर कोकच्या १९७३ च्या दुसऱ्या ग्रंथात सापडते. तेथे मुले आधी ब्लेक, व्हिटमन, लोर्का ह्यांची कविता ऐकतात. ब्लेकची वाघावरील कविता ऐकून एखाद्या प्राण्याला प्रश्न विचारू लागतात. येथे साचा शिक्षकाच्या युक्तीतून न येता थोर कवितेच्या पवित्र्यातून येतो. वाचन आणि लेखन ह्यांतील भिंत पडते. तथापि साचा जुना झाल्यावरही तो मुलावर लादणारा शिक्षक यादीच पदरात पाडून घेईल. ज्या ओळीत मूल दिलेला साचा मोडते, ती ओळ ओळखता येणे हीच शिक्षकाची खरी परीक्षा.

मराठी वर्गात ही पद्धती आणावयाची तर भाषेचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे. मराठीचे क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. इच्छेची खूण असलेले ‘असते तर’, उपमेची खूण असलेले ‘सारखे’ हीही ओळीच्या आरंभी येत नाहीत. म्हणून इंग्रजीतील आरंभ मराठीत पालुपद होऊन बसतो. शिवाय ‘मी पंतप्रधान झालो तर’ अशा निबंधांनी ती ‘तर’ची वाट शाळेत आधीच गुळगुळीत करून ठेवली आहे. यमकाचेही तसेच. इंग्रजीत मुलाला यमक दुर्मिळ म्हणून अडविते. मराठीत ते सुलभ म्हणून अडविते. ‘येतो’ला ‘नेतो’, ‘गाते’ला ‘खाते’ आयतेच जुळते, आणि जुळले की शोध थांबतो. निषेध तोच, कारण उलटे.

उलट ज्याची गरज आहे तो आरंभ मराठीच्या घरातच आहे. जात्यावरच्या स्त्रिया पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम लावून एकेक ओवी देवाला, आईबापांना, भावाला वाहत आल्या. क्रम ठरलेला, व्यक्ती आपापली. कोकने वर्गात जे योजिले ते येथे दळणासोबत चालत होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची रचना इतरांनी लिहून घेतली म्हणून उरली, आणि १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली. ती खानदेशातील घरच्या बोलीत आहे. ती बोली कोणी लिहून घेताना ‘शुद्ध’ केली असती तर काय गमावले असते, ह्याचा विचार प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने करावा.

कोकनेही स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील मुलांचे शब्द कवितेत येऊ दिले. ह्या प्रश्नात खरे पणाला लागलेले आहे ते हेच. शाळेतून कवी निपजतील की नाही हे गौण होय. वऱ्हाडी, अहिराणी वा गोंडी घरातून आलेल्या मुलाची पहिली स्वतःची ओळ वहीवर उतरते, तेव्हा तिच्यावर तांबडी शाई प्रथम फिरते की ती वर्गात मोठ्याने वाचली जाते, ह्यावर त्या मुलाचे भाषेशी पुढील सारे नाते अवलंबून राहते.