रंगो बापूजींची लंडनमधील वकिली : एका चरित्रदृष्टीची तपासणी

रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. तथापि ज्या कार्यात त्यांच्या आयुष्याची सुमारे चौदा वर्षे गेली, त्या कार्याकडे आपण त्याच्या शेवटावरून मागे पाहत आलो आहोत. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथात ते अझीमुल्लाखानांसह लंडनमध्ये उठावाचे खलबत करताना दिसतात. परंतु ती बैठक हा तर्काचा प्रांत आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या खटपटीचा वृत्तान्त विस्ताराने दिला, ही कामगिरी मोठीच. पण तेथेही स्वामिनिष्ठेचा गहिवर इतका दाट आहे की, या वकिलाने काय मागितले, कोणापाशी मागितले आणि ते का मिळाले नाही, हे प्रश्न मागे पडतात.

‘वकील’ हा शब्द येथे जुन्या मराठेशाहीतील अर्थाने घ्यावयाचा, म्हणजे परदरबारी धन्याची बाजू मांडणारा. परंतु लंडनमध्ये दरबार नव्हता. तेथे पार्लमेंट होते, वृत्तपत्रे होती आणि लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत भरणारी भागधारकांची सभा होती. म्हणून रंगो बापूजींना जो व्यवसाय पत्करावा लागला, त्यास आज आपण ‘लॉबिंग’ म्हणतो. (मराठीत ‘वशिला’ हा शब्द तयार आहे, पण त्यातील हिणकस छटेमुळे तो येथे चालणार नाही.)

प्रकरण थोडक्यात असे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या शिपायांस फितविल्याचा आरोप ठेवून १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यात आले. अपराध कबूल केल्यास गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक यांनी सुचविले होते. राजाने ते नाकारले. रंगो बापूजींच्या मागणीचा गाभा या नकारातच आहे. ते दया मागत नव्हते. राजाचे म्हणणे ऐकून उघड चौकशी करा, असे मागत होते. ही मागणी चतुर होती, कारण तिला होकार देण्यासाठी इंग्रज श्रोत्यास राजा निर्दोष आहे असे मानण्याचीही गरज नव्हती.

तिचा परिणामही दिसतो. १८३६ च्या साताऱ्यातील गुप्त चौकशीत ज्यांचा हात होता, ते जनरल लॉडविक पुढे राजाच्या बाजूने बोलू लागले. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज टॉम्पसन यांनी हा प्रश्न लावून धरला. रंगो बापूजींच्या नावाने इंग्रजी पत्रके निघाली आणि भागधारकांच्या सभेत साताऱ्यावर पुनःपुन्हा वादविवाद झाले. एका मराठी कारकुनी परंपरेतील मनुष्याने परकीय राजधानीत उभा केलेला हा पक्ष लहान नव्हता.

मग अपयश का? कंपनीचा कपटीपणा हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. भागधारकांच्या सभेत एक हजार पौंडांच्या भागास एक मत असे, दहा हजारांस चार. मते वळविता येत. परंतु १७८४ च्या पिटच्या कायद्याने या सभेचे मर्मच काढून घेतले होते. संचालकांच्या ज्या निर्णयास बोर्ड ऑफ कंट्रोलची मान्यता मिळाली, तो भागधारकांस रद्द करता येत नसे. म्हणजे ज्या सभागृहात सर्वाधिक बोलता येत होते, तेथेच अधिकार सर्वात कमी होता. आणि बोर्डाच्या अध्यक्षपदी १८३९ च्या पदच्युतीच्या वेळी सर जॉन हॉबहाउस होते. १८४८ मध्ये शहाजीराजे वारल्यावर डलहौसींनी सातारा खालसा करण्याचा प्रस्ताव पाठविला, तेव्हाही तेच. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी विरोध नोंदविला, काही संचालकांनी भिन्नमतपत्रे लिहिली. ती कागदावर राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो : दार बंद असल्याचे रंगो बापूजींना कळले नव्हते काय? प्रस्तुत लेखकास वाटते, कळले असावे. म्हणूनच पार्लमेंट व वृत्तपत्रे यांकडेही त्यांनी धाव घेतली. परंतु तेथे एका संस्थानिकाची कैफियत ऐकण्यास सभासद थोडे. त्यातच १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले. अशील गेले, मागणी गादीवरून दत्तकाच्या हक्कावर आली, पुढे खालसा रद्द करण्यावर. आणि प्रत्येक पायरीस मूळची ‘चौकशी करा’ ही सोपी, कोणासही पटणारी मागणी क्षीण होत गेली. चरित्रकार ज्यास निष्ठेची पराकाष्ठा म्हणतात, त्याच काळात त्यांची वकिली दुबळी झाली, हे सांगणे कटु असले तरी आवश्यक आहे. अखेरीस कर्जबाजारी होऊन, ज्या कंपनीविरुद्ध ते भांडले तिच्याच मदतीने ते परतले.

सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्यात सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः सापडले नाहीत. या शेवटच्या महिन्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. भागधारकांच्या सभांचे छापील वृत्तान्त मात्र मराठी अभ्यासकाने, कोण बोलले आणि मत कोणास दिले एवढ्याच दृष्टीने, अद्याप ओळीने वाचावयाचे आहेत.