तीन चित्रपट आणि डोळ्यांची साक्ष

ऑस्कर पुरस्कारांचे दिवस आले की शाळेच्या शिक्षकखोलीतही चित्रपटांची चर्चा रंगते. या चर्चेत एक गोंधळ नेहमी होतो, तो आधी दूर करू. प्रत्येक देश या स्पर्धेसाठी दरवर्षी एकच चित्रपट पाठवतो. ती झाली प्रवेशिका. आलेल्या सर्व प्रवेशिकांतून शेवटी पाच चित्रपट निवडले जातात, ते झाले नामांकन. या विभागाला पूर्वी ‘परभाषिक चित्रपट’ म्हणत, आता ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ म्हणतात. भारताच्या प्रवेशिकांपैकी ‘मदर इंडिया’ (१९५७), ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) आणि ‘लगान’ (२००१) एवढेच त्या पाचांत पोहोचले. मराठी चित्रपटांना भारताची प्रवेशिका होण्याचा मान तीनदा मिळाला : संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४), परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१५). तिघांनाही नामांकन मिळाले नाही.

या चित्रपटांच्या अभिनयावर आणि दिग्दर्शनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाले. इथे मात्र विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेने त्यांच्याकडे पाहायचे आहे. कसोटी एकच ठेवू. या चित्रपटांतली माणसे एखादी गोष्ट खरी मानतात ती कशाच्या आधारावर? आणि तो आधार तपासून पाहायला चित्रपट आपल्याला उद्युक्त करतो का? योगायोग असा, की तिन्ही चित्रपटांत कुणाच्या तरी डोळ्यांवर संकट येते. त्यामुळे तुलना सोपी जाते.

श्वास : निदान अचूक, पण पुढे काय?

कोकणातल्या एका आजोबांचा नातू परशुराम याला नीट दिसत नाही. शहरातल्या इस्पितळात तपासणी होते आणि दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, असल्याचे कळते. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. हे परशाला आधी सांगितले पाहिजे, त्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असा डॉक्टर साने यांचा आग्रह असतो. सारे नाट्य या एका आग्रहाभोवती फिरते.

हा आग्रह मला चित्रपटातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे रुग्णाला, त्यातून मुलाला, त्याच्या आजाराविषयी सांगायची पद्धत नाही. ‘त्याला काय कळतंय?’ म्हणून विषय संपवतात. डॉक्टर इथे जे मागतात ते शिक्षकानेही मागावे : मुलाच्या शरीराविषयीचे ज्ञान आधी त्या मुलाचे आहे. अरुण नलावडे यांनी आजोबांची घालमेल ज्या संयमाने दाखवली आहे, त्यामुळे हा मुद्दा व्याख्यान न होता मनात उतरतो.

रोगाच्या कारणांवर मात्र चित्रपटाचा भर नाही, आणि वर्गात भर द्यायचा तो तिथेच. आपल्या पेशींत तेराव्या गुणसूत्रावर आरबी-१ नावाचे जनुक असते. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दृष्टिपटलाच्या एखाद्या पेशीतील दोन्ही प्रती बिघडल्या तर ती पेशी बेबंद वाढू शकते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून हा ‘दोन आघातांचा’ सिद्धांत मांडला. काही मुलांत जन्मतःच एक प्रत बिघडलेली असते. मग प्रत्येक पेशीला दुसरा एकच आघात पुरतो, आणि म्हणून अशा मुलांचे दोन्ही डोळे बाधित होण्याचा संभव मोठा असतो. परशाच्या दोन्ही डोळ्यांत रोग आहे, याचा अर्थ तो आनुवंशिक प्रकारचा आहे. तेव्हा त्याच्या धाकट्या भावंडांचे डोळेही तपासायला हवेत. आजोबांच्या दुःखाच्या पुरात हा साधा, उपयोगाचा धागा वाहून जातो.

दुसरा धागा शिक्षकांसाठी अधिक जवळचा आहे. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत दिसतो. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक, फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्यात लाल ठिपक्याऐवजी पांढरा ठिपका, किंवा नव्याने आलेला तिरळेपणा, ही त्याची लक्षणे. लहान मूल ‘मला दिसत नाही’ अशी तक्रार सहसा करत नाही, कारण नीट दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. वेळीच निदान झाले तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो, आणि आजच्या उपचारांनी पुष्कळदा डोळाही वाचतो. बालवाडीतल्या बाईंचे लक्ष असणे म्हणूनच महत्त्वाचे.

‘श्वास’बद्दल माझी एक तक्रार आहे. दृष्टी जाणार म्हणून शेवटचे सारे काही पाहून घ्यायचे, या भावनेवर चित्रपट इतका भर देतो की दृष्टी गेली म्हणजे सारे संपले, असे प्रेक्षकाला वाटून जाते. कल्याण-कर्जत मार्गावरच्या वांगणीत अनेक अंध कुटुंबे राहतात. त्यांतले पुष्कळ जण लोकलमध्ये वस्तू विकून संसार चालवतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात एका अंध मातेचे मूल फलाटावरून रुळांवर पडले आणि समोरून गाडी येत असताना रेल्वेच्या पॉइंट्समनने धावत जाऊन त्याला वाचवले, ते दृश्य देशभर पाहिले गेले. त्या धाडसाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण ती आई रोज त्या फलाटावरून कशी चालते, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ‘श्वास’ही तो विचारत नाही.

हरिश्चंद्राची फॅक्टरी : वाटाण्याचा प्रयोग

याच वांगणीला दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण केले. लाकडी तलवारी घेऊन आलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले, आणि फाळक्यांना चित्रीकरण करून दाखवून त्यांची खात्री पटवावी लागली, असे सांगतात. शंका आली, प्रात्यक्षिक झाले, शंका फिटली. विज्ञानाच्या तासाला याहून वेगळे काय घडते?

परेश मोकाशी यांचा चित्रपट फाळक्यांचा हा काळ हसतखेळत सांगतो. १९११ मध्ये ख्रिस्तचरित्रावरचा पट पाहून फाळके झपाटले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहण्यात आणि प्रयोगांत डोळे इतके दुखावले की त्यांना काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई दोघेही लोभस आहेत.

शिक्षकाने लक्षात ठेवायचा भाग आहे तो वाटाण्याचा. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपायचे आणि मग ती चित्रे भरभर दाखवायची. यातले गणित मुलांना फार आवडते. समजा, दर तासाला एक चित्र याप्रमाणे तीस दिवस चित्रे घेतली. ती ७२० होतील. सेकंदाला सोळा चित्रे या गतीने दाखवली तर महिन्याची वाढ ४५ सेकंदांत दिसेल. म्हणजे काळ किती पट आकसला? अशा प्रश्नाने गुणोत्तराचा धडा जिवंत होतो. ओल्या टिपकागदावर वाटाणा ठेवून, रोज एक चित्र काढून, वहीच्या कोपऱ्यात चित्रांची थप्पी करून ती बोटाने सरकवता येते. त्यासाठी कॅमेराही लागत नाही.

असे असूनही या चित्रपटाला मी तिसरा क्रमांक देईन. कारण इथे अडचण आली की दुसऱ्या प्रसंगात ती सुटलेली असते, आणि प्रेक्षक हसून पुढे जातो. खरे काम वेळखाऊ होते. कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. ती अंधारात यंत्रावर ठेवून भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत, फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. भोकांचे अंतर जरा चुकले की चित्र पडद्यावर थरथरणार. किती फिल्म वाया गेली असेल, दोष कसा शोधला असेल, हे पाहायला मिळाले असते तर चित्रपट अधिक उंच गेला असता. प्रयोग फसणे हा प्रयोगाचाच भाग असतो, आणि मुलांना नेमके तेच दाखवायला हवे असते.

कोर्ट : झुरळाची चाचणी

‘कोर्ट’मध्ये प्रयोगशाळा नाही की संशोधक नाही. मुंबईत मॅनहोलमध्ये उतरलेला एक सफाई कामगार मरतो. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला पकडतात. खटला तारखांमागून तारखा चालतो. पुढे मृताच्या पत्नीची साक्ष होते. ती शांतपणे सांगते, की नवरा उतरण्यापूर्वी गटारात खडा टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. संरक्षक साधने नव्हतीच. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता.

या साक्षीसाठी मी ‘कोर्ट’ला पहिला क्रमांक देतो. मृत्यूचे कारण गाण्यात शोधायचे की वायूत, हा प्रश्न तिथे उभा राहतो. कार्यकारणभाव शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. चित्रपट त्यावर भाष्य करत नाही, पार्श्वसंगीताने रडवत नाही. पुरावा आपल्यासमोर ठेवतो आणि थांबतो. शेवटाकडे तर आणखी एक चिमटा आहे. आयुष्यभर पुरावे तोलणारे न्यायाधीश सुटीवर असताना, न बोलणाऱ्या एका मुलासाठी अंकशास्त्र्याचा सल्ला आणि खड्याची अंगठी सुचवतात. कामाच्या जागी तर्क आणि घरी अंगठी, हे चित्र आपल्या शिक्षकखोलीलाही अनोळखी नाही.

पण झुरळाची ती चाचणी चित्रपट जशी आहे तशी सोडून देतो. काही प्रेक्षकांना ती गरिबाची हुशारी वाटते. आपण मात्र तिची परीक्षा घेतलीच पाहिजे. झुरळ शरीरावरच्या छिद्रांतून श्वास घेते, ती छिद्रे ते मिटूही शकते. फार थोड्या हवेवर ते बराच वेळ काढते. त्याचे जगणे माणसाच्या जगण्याची हमी देत नाही. नाकावरही भरवसा नको. गटारात कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाईड निघतो. त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी सुमारे २९. म्हणून तो तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, तेव्हा खरा धोका सुरू झालेला असतो. हजार भागांपर्यंत पोहोचल्यावर काही श्वासांतच शुद्ध हरपते. हाच वायू डोळ्यांच्या पारदर्शक पडद्याला इजा करतो. दोरीने पेटता कंदील सोडण्याची जुनी रीतही अपुरी आहे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते, पण ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू नाही असे म्हणता येत नाही. शिवाय आत मिथेन असेल तर भडका उडेल.

ही चर्चा पुस्तकी नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला चक्कीनाका भागात विहिरीच्या साफसफाईसाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून आणखी दोघे उतरले. त्यांना काढायला अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. पाचही जण दगावले. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी भागातल्या एका गृहसंकुलाच्या सांडपाणी टाकीत तीन सफाई कामगार मरण पावले. संरक्षक साधनांवाचून गटार वा टाकी सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. भरपाई मृत्यूनंतर मिळते. वायूचे ज्ञान मात्र आधी देता येते.

आठवीनववीच्या मुलांना आपण हायड्रोजन सल्फाईडचे गुणधर्म सांगतो : रंगहीन, हवेपेक्षा जड, सडक्या अंड्याचा वास. चार गुणांचे उत्तर होते आणि धडा संपतो. त्याला एक ओळ जोडू या : विहिरीत किंवा टाकीत कुणी बेशुद्ध पडले तर मागोमाग उतरू नये, वरूनच मदत बोलवावी. हवा तपासण्याचे यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि कमरेला दोर असल्याशिवाय बचाव करणाऱ्यानेही उतरायचे नाही.

तेव्हा शाळेत चित्रपट दाखवायचा झाला तर लहान मुलांना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी वाटाणे भिजत घालावेत. ‘श्वास’ पालकसभेत दाखवावा आणि नंतर छायाचित्रातल्या पांढऱ्या ठिपक्याविषयी बोलावे. ‘कोर्ट’ आधी आपण शिक्षकांनी पाहावा. पुरस्कार कुणालाही मिळो, झुरळाच्या चाचणीवर विसंबून खाली उतरणारा माणूस आपल्या शाळेतून शिकून गेलेला असू शकतो.