वेल आणि दूध

भाऊबिजेला आत्या भंडाऱ्याला आली की मला 'सूनबाई' म्हणून हाक मारी आणि सारे घर हसे. पुढे मानवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात क्लोद लेव्ही-स्त्रोस यांचा नातेसंबंधांवरील 1949 सालचा ग्रंथ अभ्यासाला आला, तेव्हा ती थट्टा मला पानोपानी आठवू लागली. विवाह म्हणजे कुळाकुळांतील देवघेव, हा त्यांचा सिद्धान्त. मामाची मुलगी करीत गेले, की मुली पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने जातात; आत्याची केली, की दिलेली मुलगी पुढच्याच पिढीत परत मिळते. परीक्षेपुरते मी हे पाठ केले. गुणही बरे पडले!

पण हा सारा सिद्धान्त आमच्या जिल्ह्यात दोन शब्दांत नांदतो. मराठी घरांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. 'वेल परतू नये' म्हणतात. शेजारच्या गोंड घरांत आते-मामे भावंडांच्या लग्नाला 'दूध लौटाना' असे नाव आहे. ज्या घराने मुलगी दिली, त्या घरी मुलगी परत यावी. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 सालीच ते नोंदवले आहे.

लेव्ही-स्त्रोस यांचे उणे मला येथे जाणवते. त्यांच्या ग्रंथात देणारे पुरुष, घेणारेही पुरुष. स्त्री स्वतः बोलणारी आहे, ही कबुली येते ती अगदी शेवटी. लोकांनी शब्द निवडला तो मात्र दुधाचा, आणि दूध आईचे असते. आत्याला मी हे समजावून सांगितले. ती चकल्या तळता तळता म्हणाली, "मले तरी कोनी इचारलं होतं?"

हा प्रश्न ज्यांच्या कानी पडला असावा असे वाटते, त्या इरावती कर्वे. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या त्यांच्या 1953 सालच्या ग्रंथात सिद्धान्ताचा डौल नाही. नात्यांच्या शब्दांच्या याद्या तर कंटाळा आणतात. पण परक्यांत पडणारी उत्तरेची सून आणि ओळखीच्या घरी जाणारी दक्षिणेची सून यांच्या जगण्यातला फरक बाईंना दिसला. माझी तक्रार आहे ती त्यांच्या नकाशाविषयी. भाषेच्या आधारे देशाचे चार विभाग पाडून महाराष्ट्र त्यांनी मध्य विभागात घातला. आमच्या साकोलीच्या बाजारात मराठी, हिंदी, गोंडी एकाच दुकानापुढे ऐकू येतात. तेथे वेलीचे घर कोणते आणि दुधाचे कोणते, हे भाषेवरून कसे ओळखावे?