गाळीव इतिहास आणि गाळलेली माणसे

मराठी वाचकाला विनोदी इतिहास हा प्रकार अपरिचित नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील 'गाळीव' या एका विशेषणात पु. लं.नी पुष्कळ काही सांगून टाकले आहे. गाळून घेतलेले ते गाळीव खरे. परंतु मराठीत गाळणे म्हणजे वगळणेही होते. इतिहास सांगणारा प्रत्येकजण गाळणी हाती घेऊनच बसलेला असतो. गंभीर इतिहासकार ती पदराआड ठेवतो, विनोदकार ती उंच धरून दाखवतो, एवढाच काय तो फरक.

आम्हांला येथे ज्या पुस्तकांविषयी लिहावयाचे आहे ती इंग्लंडच्या इतिहासाची अशी गाळीव पुस्तके होत. कॅथलिक कुटुंबांच्या त्रैमासिकात त्यांचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, आमच्या मुलांना सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीची पहिली ओळख पुष्कळदा प्रवचनातून किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गातून होत नाही. ती इंग्रजी शाळेच्या वाचनालयातील अशा गमतीदार पुस्तकांतूनच होते. आठव्या हेन्रीच्या सहा बायका त्यांना तोंडपाठ असतात. त्याच हेन्रीने ज्यांचा शिरच्छेद करविला ते संत थॉमस मोर कोण, हे विचारून पाहावे.

या प्रकारातील मुकुटमणी म्हणजे 'टेन सिक्स्टी-सिक्स अँड ऑल दॅट'. डब्ल्यू. सी. सेलर आणि आर. जे. येटमन हे त्याचे दोन लेखक. दोघे ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात एकत्र शिकले, दोघांनीही पहिले महायुद्ध सैनिक म्हणून पाहिले. पुस्तक निघाले १९३० मध्ये. त्यातील काही भाग त्याआधी 'पंच' साप्ताहिकात आला होता. कल्पना साधी आहे: इतिहास म्हणजे जे घडले ते नव्हे, तर शाळा सुटून वीस वर्षे झालेल्या इंग्रज गृहस्थाच्या डोक्यात जे उरले आहे ते. मग राजे चांगले किंवा वाईट एवढेच उरतात, घटनांचेही तेच. सगळ्या पुस्तकात खऱ्या अर्थाने लक्षात राहिलेल्या सनावळ्या दोनच आणि त्यांतील एक मुखपृष्ठावरच खर्ची पडली आहे. मधूनमधून प्रश्नपत्रिकाही दिल्या आहेत. ज्याने कधी काळी 'टिपा लिहा' आणि 'कारणे द्या' यांच्याशी झुंज घेतली आहे त्याला त्या वाचताना हसू आवरणे कठीण जाते.

हे हसू मराठी वाचकाच्या तोंडावर उमटते, पण अर्धेच. आल्फ्रेड राजाने भाकऱ्या करपवल्या ही कथा प्रत्येक इंग्रज मुलाने आईच्या मांडीवर ऐकलेली असते, म्हणून तिची नुसती आठवण करून दिली तरी विनोद होतो. आमच्याकडे तोच मान गरम खिचडीत मधोमध हात घालून बोट भाजून घेणाऱ्या शिवरायांच्या गोष्टीला आणि टिळकांच्या शेंगांच्या टरफलांना आहे. पानिपतच्या पराभवाची कारणे १७६१ पासून किती झाली आणि परीक्षेत किती लिहावी लागतात, यावर एखाद्या मराठी सेलर-येटमनला अख्खे प्रकरण लिहिता येईल. म्हणून आमचे मत असे की या पुस्तकाचे भाषांतर होणे नाही. त्याच्या कोट्या इंग्रजी शब्दांच्या आहेत हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की, त्यातील प्रत्येक थट्टा आधी पाठ केलेल्या एका धड्याची थट्टा आहे. धडा नाही तर थट्टाही नाही.

कॅथलिक वाचकाने या पुस्तकातील दोन जागा मुद्दाम पाहाव्यात. पहिली संत ग्रेगरी यांची. रोमच्या बाजारात विकावयास आणलेली गोरी मुले पाहून ग्रेगरींनी 'अँगल' आणि 'एंजल' या शब्दांवर कोटी केली, अशी कथा बीडने आठव्या शतकात लिहून ठेवली आहे. त्याच ग्रेगरींनी पुढे पोप झाल्यावर संत ऑगस्टीन यांना इंग्लंडला धाडले आणि ५९७ मध्ये ते केंटमध्ये उतरले. सेलर-येटमन यांनी या लॅटिन कोटीचे भाषांतर करताना देवदूतांना बाजूला सारून त्या जागी अँग्लिकनांना बसवले आहे. आठव्या हेन्रीच्या साडेनऊशे वर्षे आधी, पोपच्याच तोंडी अँग्लिकन! वरवर पाहता हा पोरकट शब्दखेळ आहे. परंतु इंग्रजी शाळांतून शिकविला जाणारा इतिहास नेमका हेच करीत असे. शेवटी आपण अँग्लिकन होणारच होतो, तेव्हा आधीचे सारे त्याची तयारी, हा त्याचा अध्याहृत सिद्धान्त. विनोदकारांनी तो उघड्यावर आणून ठेवला.

दुसरी जागा मेरी राणीची. तिची कारकीर्द वाईट का, तर इंग्लंडने चर्च ऑफ इंग्लंडचे असावे हे ठरलेलेच असल्यामुळे तिने दिलेले सारे मृत्युदंड फुकट गेले, अशा अर्थाचा निर्वाळा पुस्तकात दिला आहे. आमच्या काही वाचकांना हे वाक्य बोचेल. आम्हांला ते शंभर गंभीर पानांपेक्षा प्रामाणिक वाटते. मेरीने १५५३ ते १५५८ या पाच वर्षांत सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळविले. हे सत्य आहे आणि कॅथलिकांनी ते झाकू नये. पण एलिझाबेथच्या काळात १५८५ च्या कायद्याने, परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात नुसते पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. त्या कारकीर्दीत दीडशेहून अधिक कॅथलिकांना मृत्युदंड झाला; पुष्कळांना फाशी देऊन, अर्धमेल्या अवस्थेत खाली उतरवून, त्यांची आतडी काढण्यात आली. एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी असेच मारले. यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरो या गृहिणीला, धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावरून, २५ मार्च १५८६ रोजी अंगावर दगडांचे ओझे रचून चिरडले. मेरीला 'रक्तपिपासू' हे विशेषण कायमचे चिकटले. एलिझाबेथ मात्र 'गुणी राणी बेस' झाली. याचे कारण संख्येत नाही, सांगणाऱ्यात आहे. जॉन फॉक्सचा हुतात्म्यांवरील ग्रंथ १५६३ मध्ये निघाला आणि पुढे इंग्लंडातील अनेक चर्चमध्ये तो बायबलाशेजारी साखळीने बांधून ठेवला जाई. सामान्य इंग्रजाच्या 'लक्षात राहिलेला' इतिहास तो हा.

डिकन्ससारख्या थोर लेखकालाही ही साखळी तोडता आली नाही. त्याने १८५१ ते १८५३ या काळात आपल्या साप्ताहिकातून मुलांसाठी इंग्लंडचा इतिहास लिहिला. हेन्रीला तो सोलून काढतो, पण धर्मसुधारणेचे माप त्याच्या तराजूत ठरलेलेच असते. रागाने लिहिलेले ते पुस्तक आहे आणि राग फार काळ वाचवत नाही.

त्यामानाने जेन ऑस्टेन किती पुढे होती! १७९१ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंधराव्या वर्षी तिने चौथ्या हेन्रीपासून पहिल्या चार्ल्सपर्यंत इंग्लंडचा एक चिमुकला इतिहास लिहिला. राजांची चित्रे बहीण कॅसांड्राने काढली. आपण पक्षपाती, पूर्वग्रहदूषित आणि अज्ञानी इतिहासकार आहोत, असे ती आरंभीच जाहीर करते. तिने ज्याची नक्कल केली त्या गोल्डस्मिथच्या इतिहासाच्या समासात तिने लिहिलेले शेरे प्रसिद्धच आहेत. आणि हा पाद्र्याच्या घरातील, अँग्लिकन संस्कारांत वाढलेली मुलगी बाजू कोणाची घेते? स्कॉटलंडच्या कॅथलिक राणी मेरीची! एलिझाबेथवर ती अक्षरशः तुटून पडते. हे वहीतील लेखन छापले गेले ते १९२२ मध्ये आणि त्या संग्रहाला प्रस्तावना होती जी. के. चेस्टरटन यांची, त्याच वर्षी जुलैमध्ये चेस्टरटन कॅथलिक झाले. हा योगायोग आहे, त्यातून कसलाही निष्कर्ष काढू नये. पण आम्हांला तो आवडतो.

आता आजच्या मुलांच्या हातातील पुस्तकांकडे वळू. टेरी डिअरी यांची 'हॉरिबल हिस्टरीज' ही माला १९९३ मध्ये सुरू झाली. ट्यूडर राजांवरील पुस्तक तिच्या पहिल्याच पुस्तकांपैकी. मार्टिन ब्राउन यांची व्यंगचित्रे, चुरचुरीत शीर्षके, भरपूर रक्त, भरपूर घाण. २००९ पासून तिच्यावर दूरदर्शनमालिकाही झाली. मुलांना ती वेड लावते याचे आम्हांला नवल वाटत नाही. राजवाड्याबाहेरच्या गरिबाचे काय हाल होते हेही ती सांगते, हा तिचा मोठा गुण. आक्षेप वेगळा आहे. सेलर-येटमन यांचा वाचक धडा शिकून मग हसत होता. या मालेत हसणे हाच धडा झाला आहे. मुंडके उडाले, आतडी निघाली, ही गंमत. ते मुंडके कोणाचे आणि ते वाचविण्यासाठी त्याला एक शब्द उच्चारणे पुरे झाले असते, तो त्याने का उच्चारला नाही, हे सांगायला व्यंगचित्राच्या चौकटीत जागा नाही. लंडनमधील मुलाला ती जागा घरच्या, शाळेच्या, रस्त्यावरच्या शंभर खुणांतून भरून काढता येते. कर्जत-खालापूरच्या मुलाने ती कशी भरावी?

आमच्या तालुक्यात इंग्रजी इतिहासाच्या खुणा नाहीत असे नव्हे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकहून माथेरानचा डोंगर चढले आणि पुढे त्या डोंगरावर लुइझा, शार्लोट, अलेक्झांडर अशी नावे ठिकठिकाणी चिकटली. घोड्यावर बसून ही नावे घोकणाऱ्या प्रवाशाला लुइझा कोण, शार्लोट कोण, हे विचारावेसेही वाटत नाही. माथेरान हे आमचे स्वतःचे 'टेन सिक्स्टी-सिक्स' आहे: नावे उरली, माणसे गळाली. तेथे अँग्लिकन परंपरेतील संत पॉल यांचे चर्च आहे आणि कॅथलिकांचे होली क्रॉस चर्चही आहे. एकाच लहानशा डोंगरावर, एकाच प्रभूची दोन मंदिरे का, या प्रश्नाचे उत्तर हेन्री, मेरी आणि एलिझाबेथ यांच्यापाशी जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल तेथे जातेच; हा प्रश्न तेथे उभे राहून विचारला तर रंगीत पुस्तकातील गमतीला बूड येईल.

आणि एक इंग्रज असा आहे की जो यांपैकी कोणत्याही गाळणीत उरलेला नाही. विल्टशायरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले थॉमस स्टीफन्स. एलिझाबेथच्या इंग्लंडात उघडपणे कॅथलिक राहणे अशक्य म्हणून ते थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन वावरले. रोमला निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याने तुरुंगांतून काढली. स्टीफन्स निसटले, १५७५ मध्ये येशूसंघात गेले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचले. त्यानंतर भारतात आलेल्या इंग्रजांनी मिरी नेली, मग कापड, मग मुलूख. या पहिल्या इंग्रजाने साष्टीत चाळीस वर्षे राहून सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' दिले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. चांगली गोष्ट की वाईट, असा सेलर-येटमन पद्धतीचा शिक्का त्यांच्यावर कोणीच मारलेला नाही, कारण तेवढ्यापुरतेही ते कोणाच्या लक्षात नाहीत.

हे गाळण्याचे काम केवळ प्रोटेस्टंटांनी केले असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या कॅथलिक पोर्तुगीज व्हाइसरॉयनेच स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. ओव्या जगल्या त्या हस्तलिखितांतून आणि त्या गाणाऱ्या भाविकांच्या कंठांतून. मंगळूरला १९०७ मध्ये सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, पण रोमन लिपीत. म्हणजे मराठी ग्रंथ मराठी वाचकाला वाचता येऊ नये अशी व्यवस्था कायमच राहिली. देवनागरीत ते पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणले. आणि त्याआधी या मराठी पुराणाचे देवनागरी हस्तलिखित संशोधकांच्या हाती लागले होते ते कोठे, तर मार्सडेन यांच्या संग्रहात, लंडनमध्ये.