पट घटला म्हणजे विश्वास उडाला?

‘पेण-रोह्यात जिल्हा परिषद शाळांचा पट घसरतोय, म्हणजे पालकांचा विश्वास उडालाय.’ हे वाक्य संशोधन आराखड्यात लिहिण्याआधी जरा थांबा. पटावरून विश्वास मोजता येतो, हे आधी दाखवावं लागेल.

‘असर’चे अहवालच बघा. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातली सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. विश्वास असा चढतो-उतरतो का? कोविडमध्ये कमाई आटली, छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, हे कारण जास्त पटतं.

आता पेण-रोह्याकडे या. कातकरी वाडीतली अनेक कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत जातात. त्यांनी शाळा नाकारलेली नसते. धाटावच्या कारखान्यात पगार घेणारा बाप मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, तो मात्र निवड करतो. वर्गात दोन्ही जागा रिकाम्याच दिसतात.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. २०२३ मध्ये राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. ‘पालकांनाच नकोय’ असा निष्कर्ष तुम्ही काढलात, की वाडीवरची शाळा हलवायला आयतं कारण मिळतं.

म्हणून ‘विश्वास आहे का?’ असं विचारू नका. मूल शाळेतून कधी काढलं, का काढलं, फी कशी भरता, दुसरा शिक्षक आला तर परत घालाल का, हे विचारा. उत्तरं वेगळी येतील.