फिल्मची निवड आणि तिचा अर्थ : ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’च्या संदर्भात

डिजिटल तंत्र सर्वत्र रूढ झाल्यानंतरही काही दिग्दर्शक फिल्मवरच चित्रीकरण करण्याचा आग्रह धरतात. फिल्मवरील प्रतिमा अधिक ‘जिवंत’ असते, असे त्याचे समर्थन केले जाते. ते अपुरे आहे. पर्याय नव्हता तोवर फिल्म हे केवळ साधन होते. डिजिटल कॅमेरा आल्यावर ती निवड ठरली आणि निवड म्हणूनच तिला अर्थ प्राप्त झाला. अमेरिकन दिग्दर्शक शॉन बेकर यांनी दोन्ही माध्यमे हाताळलेली असल्याने हा मुद्दा त्यांच्या चित्रपटांत तपासून पाहता येतो.

त्यांचा ‘टँजरीन’ (२०१५) आयफोनवर चित्रित झाला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील धावपळ आणि भडक रंग यांना ते साधन इतके अनुरूप ठरले की माध्यमाची उणीव कोठेही जाणवत नाही. त्यानंतरचा ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ (२०१७) मात्र ३५ मि.मी. फिल्मवर घेतला गेला. छायालेखन अलेक्सिस झाबे यांचे आहे. डिस्ने वर्ल्डच्या परिसरातील एका जांभळ्या मोटेलात आईसह दिवस कंठणारी सहा वर्षांची मूनी ही त्याची नायिका होय.

डिजिटल संवेदकावरील बिंदूंची जागा ठरलेली असते; फिल्मवरील कणांची रचना मात्र प्रत्येक चौकटीत बदलते. म्हणून स्थिर दृश्यातील रिकामी भिंतही किंचित थरथरते. शिवाय तीव्र उजेडाचे तपशील निगेटिव्हवर एकदम पुसले जात नाहीत, हळूहळू विरत जातात. फ्लोरिडाच्या रखरखीत उन्हातील या कथेला हा गुण विशेष उपकारक ठरला आहे. आज बहुतेक प्रेक्षक डिजिटल प्रक्षेपणच पाहतात हे खरे. तथापि फिल्मचे स्कॅनिंग होताना हे गुण बऱ्याच अंशी टिकून राहतात.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न खर्चाचा आहे. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते आणि त्यावर पुन्हा चित्रण करता येत नाही. बालकलाकारांसह, उत्स्फूर्त अभिनयावर विसंबून काम करताना ही मर्यादा जाचकच म्हणावी लागेल. तरीही जे महागडे माध्यम एरवी भव्य कथांसाठी राखून ठेवले जाते, ते येथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्या वाट्याला आले आहे. सायंकाळच्या काही चौकटींत दारिद्र्य अनावश्यक देखणे होते, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो.

अखेरच्या प्रसंगात अधिकारी मूनीला आईपासून दूर नेण्यास येतात. ती पळून मैत्रिणीकडे जाते आणि दोघी हातात हात घालून डिस्नेच्या किल्ल्याकडे धावत सुटतात. ही धाव परवानगीविना, गुपचूप आयफोनवर टिपलेली आहे. अडचणीतून निघालेली ही वाट अर्थपूर्ण ठरते, कारण तोपर्यंत प्रेक्षकाच्या नजरेला फिल्मची सवय झालेली असते. प्रतिमा अचानक कोरडी, घाईची होते. मुलींचे स्वप्न साकार होताना दिसते आणि त्याच क्षणी त्यावरचा विश्वास उडतो. संपूर्ण चित्रपट आयफोनवर घेतला असता, तर ही धाव केवळ आणखी एक धाव ठरली असती.